देवीपुढे ठेवलेला फोन

लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते, आणि माझी मुलगी धारहून देवासला एकटीच परत आली. खांद्याला पर्स, एका हातात चार्जर, दुसऱ्या हातात फोन. कपड्यांची बॅग आणायचं तिला सुचलं नव्हतं, चार्जर मात्र विसरली नव्हती. "काय गं, एकटीच?" मी दारात विचारलं. "हो," म्हणाली, चपला काढल्या, आणि खिडकीखालच्या प्लगपाशी जाऊन बसली. लग्नाआधीची तीन-चार वर्षं ती तिथेच बसायची. भिंतीला तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून होता.

आम्ही देवासचे ते कारखान्यामुळे. माझे सासरे सांगलीकडून इथे नोकरीला आले, नवरा त्याच कारखान्यात लागला आणि तिथूनच रिटायर झाला. आमच्या घरातल्या मराठीत निम्मी हिंदी असते. मुलगी हिंदी शाळेत शिकली, त्यामुळे मराठी छापील काही समोर आलं की अडखळते. तिचं सासर धारचं, जुनं. त्यांचे पूर्वज दरबारात कारभारी होते. आता जावई पीथमपूरला कंपनीत जातात आणि घरही साधं दुमजली सिमेंटचं आहे, पण बोलणं अजून दरबारातलंच. सासूला 'आईसाहेब' म्हणायचं, आलेल्याला 'यावं, बसावं'. लग्नाच्या बोलणीच्या वेळी विहीणबाई मला "आपण चहा घ्यावा" म्हणाल्या, तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोणी मोठं माणूस आलंय की काय!

तर मुलगी परत आली. आल्यावर तिनं काही सांगितलं नाही, आणि मीही जास्त काही विचारलं नाही, कारण हे फोनपायीच असणार ते मला माहीत होतं. मी तिच्या फोनवर चिडायचे हे साऱ्या कॉलनीला ठाऊक आहे, माझा आवाज तसा लपण्यातला नाही. पण त्या चिडण्याच्या पोटात एक आश्चर्य होतं, ते मी कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. भाजी निवडता निवडता मी तिच्या अंगठ्याकडे बघत बसायचे. तो अंगठा वर सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. मधेच ती आवाज न करता हसायची. दुसऱ्या क्षणी डोळ्यांत पाणी. तिसऱ्या क्षणी चेहरा कोरा. कोण कुठली माणसं, कोणाची कुत्री, कोणाची लग्नं, कोणाचे अपघात, आणि माझी मुलगी जागची न हलता सगळ्यांच्या घरात जाऊन येत होती. तळहाताएवढी ती वस्तू. बी.कॉम. झालेली, धडधाकट, चोवीस वर्षांची पोरगी तिनं अख्खी आत ओढून घेतली होती. असली ताकद मी दुसऱ्या कशात बघितलेली नाही. देवळातसुद्धा माणसं इकडेतिकडे बघतात.

लग्नाआधी ती बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होती, म्हणजे फोनवर करत होती. "मम्मी, स्टडीच करतेय ना यार," हे तिचं ठरलेलं उत्तर. मी वाय-फाय बंद करून बघितलं. फोन तांदळाच्या डब्यात लपवून बघितला. बोलून बघितलं, रडून बघितलं, अबोला धरून बघितला. अबोला धरल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही. लग्न झालं की सुटेल, नवीन घर, नवीन माणसं, असं सगळे म्हणाले, आणि मीही मान डोलावली.

सुटलं नाही. काय झालं ते शेवटी जावईबापूंनी फोनवर सांगितलं. एकदा गॅसवरचं दूध उतू जाऊन ज्योत विझली, आणि ती तिथेच स्टुलावर फोन घेऊन बसलेली. सासऱ्यांच्या गोळ्या द्यायच्या राहिल्या, एकदा नव्हे, वरचेवर. मग एके दिवशी जावईबापूंनीच तिच्या हातातला फोन घेऊन कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकून कामावर गेले. ती जेवली नाही, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच वाईट वाटून फोन परत दिला, तर ती फोन घेऊन थेट बसस्टँडवर गेली. "आई, मी आवाजसुद्धा चढवला नाही हो," जावईबापू म्हणाले. आणि मग, "तिला मी दिसतच नाही."

पोरगा रडत नव्हता, साधं सांगत होता. त्याचंच मला जास्त लागलं. ओरडणारा जावई असता तर मी दोन हात केले असते. याला काय सांगणार? मी तिची आई, मीच तिला कित्येक वर्षं दिसत नव्हते.

महिना असाच गेला आणि विहीणबाईंचा फोन आला. मी मनाची तयारी करूनच उचलला.

"बोडण राहिलंय," त्या म्हणाल्या. "येता शुक्रवार चांगला आहे. सूनबाईंना घेऊन यावं."

मी म्हटलं, "येतो. पण तिचं असं आहे…"

"कसं आहे ते ठाऊक आहे मला. बोडण झाल्याशिवाय सून घरात आली असं आमच्याकडे धरत नाहीत. आधी ते होऊ द्यावं. तिचा जीव आमच्या घरात आहे की नाही, ते त्या बैठकीत मला कळेल. नसला, तर माझ्या मुलाला मी अडकवून ठेवणार नाही, आणि तुमच्या मुलीलाही नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बोडण म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. आमच्या कोकणस्थांतला कुळाचार आहे. लग्न झालं, मूल झालं, की घरात बोडण भरायचं. मोठ्या परातीत देवीची मूर्ती ठेवायची, भोवती सवाष्णी बसायच्या आणि त्यांच्यात एक लहान कुमारिका. पूजा झाली की पुरणावरणाचा नैवेद्य त्याच परातीत घालायचा, त्यावर दूध, दही, तूप, मध, साखर, आणि सगळ्यांनी मिळून ते हातानं कालवायचं. त्या वेळेपुरती ती कुमारिका देवी असते. तिला विचारायचं, काय हवं? ती दूध म्हणाली तर दूध ओतायचं, तूप म्हणाली तर तूप. ती 'पुरे' म्हणेपर्यंत कोणी हात काढायचा नाही, उठायचं नाही. तिला नाही म्हणायचं नाही, आणि रडवायचं तर मुळीच नाही. पुरुषांना त्या खोलीत मज्जाव. आमच्याकडे सासूबाई होत्या तोवर व्हायचं. त्या गेल्या आणि कारखान्याच्या क्वार्टरमधून बोडणही गेलं.

शुक्रवारी पहाटेच निघालो. पीपलरावां गावातल्या ओळखीच्यांकडून आणलेल्या तुपाची बरणी मी मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि शेजारी मुलगी फोन घट्ट धरून. इंदूरला बस बदलली तरी तिची मान वर आली नाही. धारला उतरायची वेळ झाली तेव्हा कंडक्टरच म्हणाला, "दीदी, धार अइ गयो, उतरनो नी है कंई?" मी उतरताना तिला एकच सांगितलं, "आज तरी तो आत आणू नकोस." ती "हं" म्हणाली. तिचं 'हं' काय असतं ते मला पाठ आहे.

घरी पोचलो तर पुरणाचा वास जिन्यापर्यंत आलेला. जावईबापू दारात उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं की नाही, मला सांगता यायचं नाही. मी तुपाची बरणी पुढे केली आणि तो क्षण गेला. विहीणबाई नऊवारी रेशमी नेसून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. मी आपली पाहुणी म्हणून कडेला बसणार होते, पण पाचवी सवाष्ण ऐनवेळी तापानं आडवी झाली होती. "तेव्हा विहीणबाई, तुम्हीच बसावं," त्या मला म्हणाल्या. मी उसनं रेशमी पातळ नेसले आणि परातीपाशी जाऊन बसले. माझ्या डाव्या हाताला माझी मुलगी, तिच्यापलीकडे विहीणबाई, समोर शेजारच्या काकू, आणि उजवीकडे कुक्षीहून आलेल्या तिच्या चुलत जाऊबाई. कुमारिका त्या कुक्षीच्या जाऊबाईंचीच मुलगी, नुकती पहिलीत गेलेली. वाढायला, म्हणजे परातीत दूधतूप ओतायला, विहीणबाईंच्या नणंद उभ्या होत्या. त्यांना सगळे आत्यासाहेब म्हणतात.

पुरुषांना बाहेर घालवलं, दार लावलं. आणि कुमारिका बसेना.

पाटावर ठेवली की उठायची. परकर पायात येतो, गजरा टोचतो, समईचा धूर येतो. आईनं दटावलं तर ओठ काढले. "रडवू नये, रडवू नये," आत्यासाहेब घाईघाईनं म्हणाल्या. कुक्षीच्या जाऊबाई ओशाळून सगळ्यांकडे बघत होत्या. "तिला मोबाइल लागतो हो," त्या म्हणाल्या. "जेवतानापण लागतो. माझा तर ह्यांच्याकडे बाहेर राहिला."

आणि मग माझ्या मुलीनं कमरेला खोचलेला बटवा उघडला आणि त्यातून आपला फोन काढला.

धरणीमायनं पोटात घ्यावं असं मला झालं. विहीणबाईंनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग देवीच्या मूर्तीकडे. मुलगी खाली बघत म्हणाली, "हा लावा. चार्जिंग आहे." त्या पोरीच्या पाटासमोर तांब्याला टेकवून फोन उभा केला. मांजरांचं कसलंसं गाणं सुरू झालं. कुमारिका मांडी घालून अशी बसली की मूर्तीच. तिचे पाय धुतले, तिला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं, तिनं पापणी हलवली नाही. "बघा, कशी शांत बसली," आत्यासाहेब कौतुकानं म्हणाल्या.

मग नैवेद्य परातीत उतरला आणि आम्ही सगळ्यांनी हात घातले.

हे मी फार वर्षांनी करत होते. गरम भात, गार दही, पुरणाचा मऊ लगदा, त्यात साखरेची कचकच, आणि त्या सगळ्यात बोटांना मधूनच लागणारी धातूची देवी. कोणाचा हात कोणाचा ते कळत नाही. मनगटापर्यंत सगळ्या सारख्याच. एकदा एक हात माझ्या बोटांवरून गेला आणि मला एकदम कळलं की तो माझ्या मुलीचा आहे. लहानपणी ताप आला की धरायची तोच हात. किती वर्षांनी तिच्या दोन्ही हातांत काही नव्हतं! मी चोरून तिच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, गाल बसले होते. पण चेहरा होता, अख्खा, दिव्याच्या पिवळ्या उजेडात. मी बघतच राहिले. पोटची पोर, आणि मी तिला नवीन माणसासारखी न्याहाळत होते.

"देवी, काय हवं?" आत्यासाहेबांनी विचारलं.

"दूध," कुमारिका म्हणाली, फोनवरची नजर न काढता. दूध ओतलं.

"आणखी काय हवं?"

"दूध."

ओतलं. मग तूप, मग साखर, मग पुन्हा दूध. मग उत्तर येणंच बंद झालं. "देवी, पुरे का?" आत्यासाहेबांनी विचारलं. उत्तर नाही. "पुरे का हो देवी?" नाही. पोरीचा हात परातीत आपोआप गोल फिरत होता आणि डोळे त्या मांजरांत. मांजरांचं संपलं की बदकांचं, बदकांचं संपलं की ट्रकांचं. आम्ही कालवतोय. माझे गुडघे बोलायला लागले. शेजारच्या काकूंनी मांडी बदलली. परात काठोकाठ भरली होती, तिच्या कडेवरून दूध गळून पाटाखाली चाललं होतं. आत्यासाहेबांनी शेवटी फोन उचलायला हात पुढे केला, तसा कुमारिकेनं असा काही सूर काढला की त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे," विहीणबाई म्हणाल्या. "देवीच्या पुढ्यातलं काढून घ्यायचं नाही."

म्हणजे बघा! पाच बायका, सगळ्यांचे हात मनगटापर्यंत भरलेले, उठायची सोय नाही, ओरडायची सोय नाही, आणि मधोमध देवी फोनमध्ये. मला हसूही येईना. हे माझ्या घरात किती वर्षं चाललं होतं. मी तांदळाच्या डब्याकडे पळायचे, वाय-फायकडे पळायचे. इथे पळायला जागाच नव्हती. विहीणबाईंच्या कपाळाला आठी पडली होती, आणि ती आठी कुमारिकेसाठी नव्हती हे मला कळत होतं. फोन कोणाचा होता, ते सगळ्यांनी बघितलं होतं. हे बोडण आता बिघडतंय, आणि बिघडलं की माझी मुलगी या घरातून गेली, हे मी अगदी स्पष्ट बघत होते.

तेवढ्यात माझी मुलगी बोलली.

"देवी," ती हळूच म्हणाली, "डोळे जळतायत ना?"

उत्तर आलं. "हो."

मी चमकले. आत्यासाहेबांनी एवढं विचारून जी बोलली नव्हती, ती पटकन बोलली होती.

"मान पण दुखते?"

"हो."

"मग का बघतेस?"

"ते दुसरं येतं ना," कुमारिका म्हणाली, तशीच फोनकडे बघत.

"येतं," मुलगी म्हणाली. "माझ्याकडेपण येतं. मी म्हणते हे लास्ट, मग दुसरं येतं. ते चांगलं असतं असंपण नाही. मला आवडतपण नाही कधीकधी. तरी बघते."

कोणी हात थांबवला नव्हता. बोडणाचा तो ओला आवाज तेवढा चालू होता. माझी मुलगी कोणाकडेच बघत नव्हती, परातीत बघून त्या पोरीशी बोलत होती. पाच बायका ऐकतायत, त्यातली एक सासू आणि एक आई, याचं जणू तिला भान नव्हतं. की होतं, आणि म्हणूनच बोलत होती, ते मला आजही कळलेलं नाही.

"तुला मम्मी रागावते?" तिनं विचारलं.

"खूप," कुमारिका म्हणाली. कुक्षीच्या जाऊबाईंनी मान खाली घातली.

"मलापण. सगळेच रागावतात. आणि त्यांचं बरोबर असतं, गलती माझीच असते. पण मग काय होतं सांगू का? वर बघायची भीती वाटते. वर बघितलं की सगळ्यांचे चेहरे तसे असतात. चिडलेले. मग मी विचार करते, अजून थोडा वेळ खालीच बघते. मग अजून उशीर होतो, मग ते अजून चिडतात. मग तर वर बघवतच नाही."

एवढं ती बोलली. तिनं माझ्याशी वर्षानुवर्षांत इतकी वाक्यं सलग बोललेली मला आठवत नाहीत. मी समजत होते की त्या फोनमध्ये काहीतरी आहे, जे तिला ओढून घेतं. मी त्याचीच ताकद मोजत बसले होते. तिला वरून ढकलणारंही काहीतरी असेल, हे माझ्या मनाला शिवलं नव्हतं. आणि ही समजूत तिला कोणी दिली? मी दिली नव्हती. ती तिथे एकटीच त्या अंधाऱ्या जागी बसून हे सगळं बघत होती, आणि आज एका लेकराला वाट दाखवावी म्हणून पहिल्यांदा सांगत होती. देवी कोणाच्या अंगात येते ते मला माहीत नाही, पण त्या खोलीत मला भीती वाटावी इतका आदर वाटला, आणि तो माझ्याच मुलीचा वाटला.

"आत्ता हे गाणं संपेल," ती कुमारिकेला म्हणाली. "मग छोटा गोल फिरेल स्क्रीनवर. दुसरं यायच्या आधी एवढुसा टाइम असतो. तेव्हा वर बघ. मी चिडलेली नाहीये. बघशील?"

ट्रकांचं गाणं चालू होतं. आम्ही सगळ्याच त्या फोनकडे बघायला लागलो. विहीणबाईसुद्धा. गाणं संपलं. गोल फिरायला लागला.

कुमारिकेनं वर बघितलं.

माझी मुलगी तिच्याकडे बघून हसली. पोरीनं डोळे मिचकावले, मग मनगटानं चोळले, नाकाला पुरण लागलं. तिला एकदम आम्ही सगळ्या दिसल्या असाव्यात, कारण ती एकेकीकडे बघत गेली, आईकडे, काकूंकडे, विहीणबाईंकडे. तिच्या पुढ्यात दुसरं गाणं सुरू झालं होतं, पण तिनं तिकडे बघितलं नाही. मग ती पुन्हा माझ्या मुलीकडे वळली.

"आता तू," ती म्हणाली.

"मी काय?"

"तू पण वर बघ ना."

देवीची आज्ञा. माझ्या मुलीनं मान वर केली आणि तिची नजर आधी माझ्यावरच पडली. इतक्या जवळून, इतकी सरळ. तेव्हा माझा चेहरा कसा होता, ते मला माहीत नाही. माझा चेहरा काही माझ्या ताब्यातला नाही, कॉलनीत विचारा. मला एवढंच माहीत आहे की मला रडायला येत होतं, आणि राग शोधूनही सापडत नव्हता. ती बघत राहिली. मग ती मानही न झुकवता विहीणबाईंकडे वळली, आणि तिथेही तशीच बघत राहिली.

विहीणबाईंच्या कपाळावरची आठी गेली होती.

"पुरे," कुमारिका म्हणाली. "माझं पोट चिकट झालं."

आम्ही सगळ्या एकदम हसलो. काकू तर खो खो हसल्या. विहीणबाईंनी "सूनबाई, देवी काढावी," म्हटलं, आणि माझ्या मुलीनं त्या लगद्यात खोल हात घालून मूर्ती शोधली आणि बाहेर काढली. विहीणबाईंनी आधी देवीवर कोमट पाणी घातलं, मग त्याच तांब्यानं माझ्या मुलीचे हात स्वतः धुतले, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवून, लहान मुलाचे धुवावे तसे. "कपड्यांची बॅग इथेच आहे तुमची," त्या तिला म्हणाल्या. "कपाटात लावून ठेवली आहे मी." ती "हो आईसाहेब" म्हणाली.

बोडण गाईला घालायला जावईबापूंनी परात उचलून नेली. बायका पानं मांडायला लागल्या. मी मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसले, कारण गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. थोड्या वेळानं मुलगी आली. हातात पुसलेला फोन.

"आईसाहेबांनी दिला," ती म्हणाली. "मी मागितला तर दिला."

माझ्या जिभेवर आलंच होतं. आत्ताच काय बोललीस, आणि लगेच? अर्धा तास तरी जाऊ द्यायचा. सगळं तयार होतं. मी ते गिळलं. सोपं नव्हतं, सांगते.

ती माझ्या खालच्या पायरीवर बसली. अंगठा सरकायला लागला. वर, थांब, वर. मी तिच्याकडे बघत बसले. आत पानांचा, पाटांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं तिनं झटकन मान वर करून माझ्याकडे बघितलं, चोरानं बघावं तसं. मी होते तशीच होते. तिनं पुन्हा खाली बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा वर.

मग पुन्हा एकदा तिनं वर बघितलं, आणि या वेळी नजर माझ्या चेहऱ्यावरून माझ्या मांडीकडे गेली.

"मम्मी," ती म्हणाली, "तुझे हात धुवायचे राहिलेत."

मी बघितलं. खरंच. मनगटापर्यंत बोडण वाळून पांढरं झालं होतं, मधानं कातडी ओढली जात होती. सगळ्यांचे हात धुवून झाले, आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. कोणाच्याच आलं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली, आणि फोन पायरीवर ठेवून पाणी आणायला आत गेली.